ब्रेकवरचा पाय

ब्रेक वाजायला लागला की लोक माझ्याकडे येतात आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं. "ताई, काही नाही, नुसता आवाज येतोय. तेवढा घालवून द्या."

नुसता आवाज! अहो, आवाज घालवायचा असेल तर कानात बोळे घाला, गॅरेजपर्यंत यायचे कष्ट कशाला? सतरा वर्षं मी हे गॅरेज चालवतेय, आणि नुसता वाजणारा ब्रेक मला अजून भेटलेला नाही. पॅड झिजत आला की वाजतो. पॅड आणि डिस्कच्या मध्ये खडा अडकला की वाजतो. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना सुकल्या, नीट सरकेनाशा झाल्या, की वाजतो. आणि कधीकधी यातलं काहीच नसतं. पॅड चांगला जाड असतो, पिना सरकत असतात, तरी गाडी थांबताना किंचाळते. तेव्हा पॅड काढून उजेडात धरायचा. त्याची खरखरीत बाजू आरशागत गुळगुळीत झालेली दिसते. मी त्याला 'काच चढली' म्हणते. म्हणजे चालवणारा ब्रेक दाबत नाही, ब्रेकवर नुसता पाय टेकवून ठेवतो. सतत. पॅड हलका हलका घासत राहतो, तापतो आणि वरून भाजून निघतो. असा पॅड हातात आला की गाडीच्या मालकाचं तोंडही न बघता मी सांगते, हा माणूस रस्त्यावर घाबरतो.

ही विद्या मला बाबांनी दिली. बाबा चाळीस वर्षं एका कारखान्याची बस चालवायचे. तिथे त्यांना सगळे 'बिनब्रेक' म्हणायचे. नव्याने लागलेला कामगार हे नाव ऐकून त्यांच्या बसमध्ये चढायलाच बिचकायचा. मग जुने लोक हसून समजावायचे, अरे बाबा, हा वेगात हाणतो म्हणून नाही, याला ब्रेक लागतच नाही म्हणून. लांबवर काय चाललंय ते बाबांना सगळ्यांच्या आधी दिसायचं. ते आधीच वेग सोडून द्यायचे आणि बस आपली आपण थांबायला यायची. इतर ड्रायव्हरांचे दोन सेट झिजायचे तेव्हा यांचा एक निम्मा व्हायचा. ब्रेक ही चूक दुरुस्त करायची जागा आहे, असं त्यांचं म्हणणं. चूकच केली नाही तर पाय कशाला उचलायचा?

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले ते त्यांची जुनी गाडी घेऊनच. बावीस वर्षांची गाडी, पण बॉनेट उघडलं तर कुणालाही खरं वाटणार नाही. माझा नवरा बोटीवर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात. त्यामुळे ठकीला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं. ठकी म्हणजे माझी लेक, दुसरीत आहे. शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाबा नसते तर माझं गॅरेज आणि तिची शाळा यातलं एक बंद पडलं असतं, हे मी त्यांना तोंडावर कितीदा तरी सांगितलंय. आता वाटतं, जरा कमी वेळा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्यांदा त्यांनी गाडी गॅरेजमध्ये आणली त्याला पाच महिने झाले. घरी मी त्यांची 'बाळ', पण गॅरेजमध्ये ते मला 'मिस्त्री' म्हणतात.

"मिस्त्री, पुढचे ब्रेक ओरडतायत. बघता का जरा?"

मी गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली. पॅड अर्धे शिल्लक होते. खडा नव्हता. पिना थोड्या सुकल्या होत्या. आणि पॅडवर काच होती. अगदी थोडी, पण होती. मी म्हटलं, पॅड म्हातारे झालेत, दुसरं काय. पॉलिश पेपर घेतला, चार हात मारले, खरखरीत केले. पिना पुसून ग्रीस लावलं, सगळं जागच्या जागी बसवलं. बाबा बाकावर बसून माझ्याकडे बघत होते.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"दुसरं काही दिसलं नाही?"

"दुसरं काय दिसायचंय? चला, उठा आता, माझ्या गिऱ्हाइकांची जागा अडवून बसू नका."

ते उठले. दोन पावलं जाऊन पुन्हा मागे वळले, मग गाडीत बसले.

दीड महिन्याने गाडी परत. या वेळी मी सरळ नवे पॅड टाकले. सवयीने बजावलंसुद्धा, की सुरुवातीला मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा वेगातून नीट दाबून ब्रेक लावा, पॅड डिस्कवर चांगला बसू दे. एरवी त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. गाडीचं काही मी बोलायला लागले की 'बापाला शिकवतेस?' हे ठरलेलं. त्या दिवशी मात्र शाळेतल्या पोरासारखं "हं, हं" करत ऐकून घेतलं. मला वाटलं, चला, वयाबरोबर शहाणपण आलं! असली मी हुशार.

पुढे सव्वा महिन्यात नवे पॅडही ओरडायला लागले. काढून बघते तर आरसा. दोन्ही चाकांचे, आतले, बाहेरचे, सगळे सारखेच. एकच बाजू भाजली असती तर म्हटलं असतं कॅलिपर अडकतोय. पण चारही पॅड सारखे, आणि डिस्कवर तापून आलेली निळसर झाक. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर एका मिनिटात निकाल दिला असता. पण गाडी बाबांची होती. म्हणून मी काय केलं? पॅड उचलले आणि तरातरा चौकातल्या स्पेअर पार्टवाल्याकडे गेले.

"हे काय विकताय? माती भरलीय का यात?"

पार्टवाला शांत माणूस. त्याने पॅड उलटासुलटा करून बघितला. "ताई, याच खोक्यातले सहा जणांना दिलेत. कुणाची तक्रार नाही. गाडी चालवतं कोण?"

"माझे वडील."

"हां, बिनब्रेक. ओळखतो की." तो पॅडवरून बोट फिरवत राहिला. "तरी एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा."

माझं पित्त खवळलं. "माल तुमचा खराब आणि नाव माझ्या बापाचं घेता? वडाची साल पिंपळाला लावू नका!" आणखीही बरंच बोलले. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला. त्याने मुकाट्याने दुसऱ्या कंपनीचे पॅड काढून दिले. मी तेही बसवले, डिस्क घासून साफ केल्या, आणि झालं असं समजून मोकळी झाले.

बाबांच्या डोळ्यांचं मनातही आलं नाही. कसं येणार? रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, बारीक अक्षरातल्या जाहिरातींसकट. ठकीच्या फ्रॉकचं बटण लावायला सुईत दोरासुद्धा तेच ओवतात, मला जमत नाही.

मग गेल्या महिन्यातली ती सकाळ. तिसरे पॅड घालून जेमतेम पाच आठवडे झाले होते, आणि गाडी पुन्हा किंचाळत दारात. बाबा चावी माझ्या हातात देऊन चालत घरी गेले. मी पॅड काढले, बघितले, शिवी हासडली आणि टेबलावर फडक्यावर टाकले. तेवढ्यात एक बाई आल्या. बँकेत नोकरी, लायसन्स मिळून दोन महिने झालेले. त्यांचाही ब्रेक वाजत होता. मी त्यांचे पॅड काढले आणि हसायलाच लागले.

"पाय ब्रेकवर ठेवून चालवता ना?"

त्या लाजल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"पॅड सांगतो."

"अहो, भीती वाटते. एकदम कुणी मध्ये आलं तर? पाय तिथेच असलेला बरा."

मी त्यांना झकास लेक्चर दिलं. भीती ब्रेकने जात नाही, नजर लांब टाकली की जाते वगैरे. बोलताबोलता त्यांचे पॅड त्याच फडक्यावर ठेवले. मग हात पुसून उचलायला गेले तर कुठले कुणाचे ते कळेना. तशीच काच, तसाच जळका वास. शेवटी मापावरून वेगळे करावे लागले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी चार महिने घालत होते. बाई काहीतरी विचारत होत्या. मी त्यांना म्हटलं, दोन मिनिटं थांबा हं. आणि बाबांचा पॅड हातात धरून तशीच उभी राहिले.

दुपारी ठकीला आणायला मीच गेले. परत येताना, जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "आजोबा गाडी कशी चालवतात गं?"

"मस्त. आम्ही खेळ खेळतो."

"कसला?"

"मी ओळखायचं. सायकल आली, कुत्रा आला, शाळेतली मुलं आली. मी आधी सांगितलं की मला पॉइंट, आजोबांनी आधी सांगितलं की आजोबांना."

"मग कुणाचे किती झालेत?"

"माझे खू...प. आजोबांचा एकपण नाही. बाजूने काही आलं की त्यांना कळतच नाही." आणि ती हसली.

सात वर्षांची पोर रोज गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी चालवत होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं. बाबांचा मला इतका राग आला की घरी पोचेपर्यंत मी दात आवळून होते.

संध्याकाळी ठकी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होते. मी ठरवलं होतं, गाडी कुणाची ते सांगायचं नाही. त्यांच्याच तोंडून निकाल वदवून घ्यायचा, म्हणजे पळवाट राहणार नाही. कागदात गुंडाळलेले पॅड समोर ठेवले.

"बाबा, हे बघा जरा. एक गिऱ्हाईक आलंय."

त्यांनी पॅड उचलला, दिव्याखाली धरला, अंगठा फिरवला. सावकाश. "नवेच आहेत."

"पाच आठवडे."

"हं. हा घाबरतो."

"का घाबरत असेल?"

"शिकाऊ असेल."

"शिकाऊ नाही. जुना आहे. खूप जुना."

बाबांनी पॅड खाली ठेवला. दुसरा उचलून त्याच्या शेजारी लावला, दोन्हींच्या कडा नीट जुळवल्या.

"मग त्याला दिसत नसेल," ते म्हणाले. "जुना माणूस रस्त्याला भीत नाही."

"काय करायचं त्याचं?"

"चावी काढून घ्यायची. विचारत बसायचं नाही, सरळ काढून घ्यायची. आणि त्याच्या गाडीत लहान मूल बसवायचं नाही."

पुढचं वाक्य मी पाठ करून आले होते. 'बाबा, हे तुमचेच आहेत.' पण ते म्हणायची वेळच आली नाही. मी एवढा डाव मांडला होता आणि बाबा पहिल्यापासून पत्ते उघडे टाकून खेळत होते, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"कळलं म्हणायचं तुला," ते म्हणाले. "मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी कळेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"समोरचं दिसतं गं. स्वच्छ दिसतं. पण बाजूनं माणसं उगवतात. नसतात, नसतात, आणि एकदम असतात."

"मग बोलायचं ना! तोंड शिवलं होतं का तुमचं? माझी पोर होती त्या गाडीत, बाबा! माझी पोर!"

"म्हणून तर पाय काढला नाही ब्रेकवरून."

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडले. रागाने रडले, आधी सांगते. माया वगैरे नंतर.

"आणि गाडी माझ्याकडे कशाला आणत होतात? आवाज घालवायला?"

"आवाजच घालवायचा असता तर दुसऱ्या गॅरेजात गेलो नसतो?" ते टेबलाकडे बघून बोलत होते. "मी चालवत नाही म्हटलं असतं, तर तुला दुपारचं शटर ओढून शाळेत पळावं लागलं असतं. आणि खरं सांगू, चाळीस वर्षं ज्या एका गोष्टीवर लोकांनी मान दिला, ती गेली, हे आपल्या तोंडानं लेकीला सांगवेना. म्हटलं, पॅड सांगेल. तुझ्यापासून पॅड काही लपवायचा नाही. मग तू विचारशील, आणि मी हो म्हणेन."

ताकाला जाऊन भांडं लपवतात, तसं बाबा चारदा माझ्या दारात आले होते. आणि पहिल्याच दिवशी, जे वाचायला त्यांनीच मला शिकवलं होतं, ते मी पॉलिश पेपर मारून पुसून टाकलं होतं. तिसऱ्या खेपेला तर त्यासाठी दुसऱ्याशी भांडून आले.

दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ताट वाढत होते, पाणी देत होते, तेवढंच. त्यांच्यावर जास्त चिडले होते की स्वतःवर, ते अजूनही नीट सांगता येणार नाही. ठकीला मी शाळेत सोडत होते आणि दुपारी गॅरेज तासभर बंद ठेवत होते. जग बुडालं नाही. गिऱ्हाइकं थांबली. पार्टवाल्याची माफी मागायला गेले तर तो म्हणाला, "ताई, बाप म्हटला की आपलं माप चुकतंच," आणि पुढच्या माणसाचं सामान काढायला लागला.

तिसऱ्या दिवशी बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, आणि बाजूला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. सुरुवातीला बटण टकटक वाजलं. मग थांबलं. शेजारच्या पडद्यावर एकामागून एक ठिपके येऊन जात होते, काठाकाठाने, आणि बाबा मान ताठ ठेवून, बोट बटणावर तयार ठेवून वाट बघत होते. एकदा त्यांनी यंत्र चालवणाऱ्या मुलीला विचारलंसुद्धा, "बंद पडलं का हो?"

"नाही, आजोबा, चालू आहे," ती म्हणाली.

पडद्यावर आणखी एक ठिपका येऊन गेला.

नंतर डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. नजरेचा नकाशाच तो. मध्ये पांढरं आणि भोवती काळं. "काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "दुखत नाही, समोरचं वाचता येतं, म्हणून लक्षात येत नाही. जी नजर गेली ती परत येणार नाही. उरलेली राखायची, औषधं आजपासूनच सुरू करू. यात जेवढं लवकर येता येईल तेवढं चांगलं असतं." मग त्यांनी पेन उचललं. "कधीपासून त्रास होतोय?"

"झाले असतील आठ-दहा दिवस," बाबा पटकन म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ते समोर भिंतीकडे बघत होते. बाबांना खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात, आताही झाले होते. डॉक्टर उशीर झाला म्हणतील आणि ते मला ऐकावं लागेल, म्हणून हा माणूस चार महिने पुसून टाकत होता.

"चार महिने," मी म्हटलं.

"हिला काय माहीत? हिचं ऐकू नका, डॉक्टर."

"चार महिने झाले," मी म्हटलं. "त्यांनी मला तेव्हाच दाखवलं होतं. मी बघितलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चार महिने असं लिहून घेतलं.